हेल्सिंगोरचा नाका

वाचकहो, बेळगावच्या माणसाला नाका म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. माझ्या लहानपणी शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर जकातीच्या चौक्या होत्या. आडवा बांबू, बाजूला एक खोली, खोलीत कंदील आणि वही. बैलगाडी थांबे, कारकून बाहेर येऊन पोत्यांवर काठी मारून पाही, गाडीवान कनवटीची चवली काढे. पुढे जकात गेली, चौक्या पडल्या, पण लोक त्या थांब्यांना अजून नाकाच म्हणतात. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेरकडच्या वाचकांनाही अशी एखादी जागा आठवत असेल.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. चाळीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवला, त्यामुळे व्याख्यानमालेच्या या पुस्तकात माझे नाव पाहून काही जणांच्या भुवया वर जातील. पण मागे एका उन्हाळ्यात पाहिलेल्या एका नाक्याने मला घरची एक जुनी चूक आठवून दिली, आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडेना.

भाचा कोपनहेगनला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. राजधानीतले राजवाडे दोन दिवसांत पाहून झाले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, गर्दी नको असेल तर हेल्सिंगोरला जाऊ." किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी गाडी पाऊण तासात तिथे पोचते. स्टेशनातून बाहेर पडलो की समोर समुद्र, उजव्या हाताला फेरीबोटीचा धक्का, डावीकडे बंदराच्या पलीकडे हिरव्या पडलेल्या तांब्याच्या छपरांचा किल्ला. वस्ती पन्नास हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडचे तालुक्याचे गाव. समुद्रापलीकडे दिसणारी घरे मात्र दुसऱ्या देशातली, स्वीडनची. मधली खाडी जेमतेम चार किलोमीटर. फेरीबोट वीस मिनिटांत पार करते आणि दिवसभर ये-जा चालू असते. परतीच्या स्वीडिश प्रवाशांच्या हातगाड्यांवर बिअरची खोकी रचलेली पाहून मला हसू आले. त्यांच्या देशात दारू महाग, म्हणून ते इकडे येतात. आमच्याकडची मंडळी गोव्याहून काय काय घेऊन येतात ते सीमेवरच्या वाचकांना मी सांगायला नको.

एक घरगुती गोष्ट सांगून पुढे जातो. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा आमचा नेम आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. पहिल्या दिवशी आठ वाजता आमची मंडळी विचारू लागली, "आता संध्याकाळ धरायची का?" साडेनऊला लख्ख उजेड होता. शेवटी नेम सूर्याचा नसून पोटाचा आहे असे ठरवून आम्ही सातलाच जेवू लागलो, आणि जेवणानंतर तीन तास उजेडात फिरायला मिळू लागले. हेल्सिंगोरचा किल्ला मी नीट पाहिला तो अशाच एका लांबलेल्या संध्याकाळी, तटावर बसून.

आता त्या जागेचे महत्त्व सांगतो. बाल्टिक समुद्र म्हणजे एका बाजूने बंद असलेले मोठे तळे समजा. त्याच्या काठावर पोलंड, रशिया, स्वीडन, फिनलंड आणि जर्मनीची जुनी व्यापारी बंदरे. या तळ्यातून राय धान्य, लाकूड, डांबर, ताग बाहेर जाई. बाहेरून मीठ, मासळी, वाइन, कापड आत येई. आत-बाहेर करण्याची मुख्य वाट म्हणजे उरेसुंद नावाची ही खाडी, आणि ती सर्वांत अरुंद होते हेल्सिंगोरपाशी. त्या काळी खाडीच्या दोन्ही काठांवर डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. इ.स. १४२९ मध्ये राजा एरिक याने हुकूम काढला की इथून जाणाऱ्या प्रत्येक परक्या जहाजाने थांबायचे आणि सोन्याचे एक इंग्लिश नाणे भरायचे. हा नाका पुढे चारशे अठ्ठावीस वर्षे चालला.

आधी जहाजामागे पट्टी होती, म्हणजे लहान-मोठ्याला सारखाच भार. १५६७ मध्ये पेडर ऑक्स नावाच्या कारभाऱ्याच्या काळात मालावर जकात बसवण्याची पद्धत आली आणि उत्पन्न एकदम वाढले. पण मालाची किंमत ठरवायची कशी? शेकडो जहाजे उभी, प्रत्येकाचे पोट उघडून पाहायला माणसे आणायची कुठून? त्यावर काढलेली तोड मला फार आवडली. मालाची किंमत कप्तानाने स्वतःच सांगायची. मात्र त्या किमतीला सगळा माल विकत घेण्याचा हक्क राजाला. किंमत कमी सांगितली तर राजा माल उचलणार. जास्त सांगितली तर जकात जास्त. कप्तान खरे बोलावा म्हणून त्याला शपथ घालायची गरज नव्हती. आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या व्यापाऱ्यांनीसुद्धा या युक्तीला मान डोलावली असती.

या पैशावर किल्ला उभा राहिला. आधी तिथे क्रोगेन नावाची गढी होती. दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५ या काळात ती पाडून-वाढवून राजवाडा केला आणि नाव ठेवले क्रोनबोर्ग. वरच्या मजल्यावरचा नाचाचा दिवाणखाना बासष्ट मीटर लांब आहे. १६२९ मध्ये आगीत जवळजवळ सगळे जळले, फक्त प्रार्थनामंदिर वाचले. पुढच्या राजाने जकात वाढवून पुन्हा बांधले. जग या किल्ल्याला एल्सिनोर म्हणून ओळखते, कारण शेक्सपिअरने आपला हॅम्लेट इथे राहायला ठेवला. १५८६ मध्ये इंग्लिश नटांची एक मंडळी खरोखरच या गावात खेळ करून गेली होती, त्यांच्याकडून त्याने वर्णने ऐकली असतील असे म्हणतात. ज्या नाटकाला आगरकरांनी मराठीत 'विकारविलसित' केले, त्याचे घर हे. प्रवासी हॅम्लेटसाठी येतात आणि त्याच्याबरोबर फोटो काढून जातात. जकातीबद्दल विचारणारे थोडे.

खरे गाव किल्ल्यात नव्हते, बंदरात होते. वारा अनुकूल होईपर्यंत आणि कागद पुरे होईपर्यंत जहाजे नांगर टाकून उभी राहत, एकेका वेळी शेकडो. खलाशांना पाणी, भाकरी, दोरखंड, शिडाचे कापड, दारू, सगळे इथेच घ्यावे लागे. म्हणून डच, स्कॉटिश, जर्मन आणि इंग्रज कुटुंबे इथे येऊन राहिली. कुणी वकील, कुणी दलाल, कुणी सावकार. जर्मन बोलणाऱ्यांचे स्वतंत्र चर्च होते आणि पुढे मोठा संगीतकार म्हणून नावाजलेला बुक्स्टेहुडे १६६० पासून आठ वर्षे तिथे ऑर्गन वाजवत होता. त्या चर्चच्या आवारात फिरताना मला आपल्या बृहन्महाराष्ट्राची आठवण झाली नसती तरच नवल. एखाद्या कामासाठी आलेली माणसे, कामापुरते राहू म्हणून आलेली, आणि मग तिथेच चार-पाच पिढ्या. आपलेही तसेच नाही का? कुणी होळकरांबरोबर आले, कुणी शिंद्यांबरोबर, कुणी गायकवाडांबरोबर. घरात बोली आपली, बाहेर गावाची.

माझ्या पेशामुळे एक गोष्ट लक्षात राहिली ती सांगतो. जिथे सगळी जहाजे थांबतात, तिथे सगळे रोगही थांबतात. १७१० च्या अखेरीस बाल्टिककडून आलेला प्लेग डेन्मार्कमध्ये शिरला तो याच गावातून. पुढच्या वर्षी तो कोपनहेगनला पोचला आणि सुमारे साठ हजार वस्तीच्या त्या शहरात वीस हजारांवर माणसे मेली. आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी प्लेगच्या वर्षांच्या कथा असतात, झोपड्या बांधून माळावर राहिल्याच्या. जकातीचा पैसा आणि प्लेग एकाच दारातून आले, हे किल्ल्याच्या फलकांवर मला कुठे दिसले नाही.

तटावर समुद्राकडे तोंड करून तोफांची रांग आहे. जहाज थांबले नाही तर गोळा सुटे, आणि गोळ्याचा खर्चही कप्तानाकडून वसूल होई असे सांगतात. शिवाय किल्ल्यासमोर येताच जहाजाने वरचे शीड उतरवून मान द्यायचा, म्हणजे आपल्या भाषेत मुजरा. त्या तोफेला टेकून मी बसलो होतो आणि माझ्या मनात एकदम कान्होजी आंग्रे आले.

वाचकहो, तारखा जुळवून पाहा. हेल्सिंगोरच्या नाक्याचा दरारा होता त्याच काळात, अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत, कोकणच्या समुद्रावर सरखेल कान्होजी आंग्र्यांचा अंमल होता. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे त्यांचे क्रोनबोर्ग. या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, त्याचे पैसे द्यावेत. दस्तक नसेल तर जहाज धरले जाईल. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांनी त्यांची सरखेली मान्य केली, म्हणजे हा कुणा लुटारूचा खासगी उद्योग नव्हता, राज्याच्या अधिकाऱ्याचा कारभार होता. त्यांच्या आधी दोनशे वर्षे गोव्याचे पोर्तुगीज हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. तरी मुंबईच्या इंग्रजांनी आंग्र्यांना लिहिले काय? चाचा. समुद्री डाकू. त्यांनी १७१८ मध्ये आरमार पाठवले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चालून आले. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्या कामी इंग्रजांबरोबर पेशव्यांचेही सैन्य होते, हे आपण विसरून चालणार नाही.

त्याच इंग्रजांची जहाजे याच काळात हेल्सिंगोरला निमूट थांबत, शीड उतरवत, पैसे भरत. तिथे तो कायदा, इथे तो दरवडा.

असे का, याचे एक उत्तर तोफांचे आहे. डेन्मार्कलाही सगळे सुखासुखी मिळाले नाही. चौथ्या ख्रिश्चनने जकात भलतीच वाढवली तेव्हा १६४५ मध्ये डचांनी लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात तीनशेच्या आसपास व्यापारी जहाजे क्रोनबोर्गच्या नाकासमोरून एक पैसा न देता नेली. राजाला दर उतरवावे लागले. त्याच वर्षीच्या तहात स्वीडनला माफी मिळाली. १६५८ मध्ये तर खाडीचा पलीकडचा काठच स्वीडनने घेतला आणि क्रोनबोर्गही काही काळ त्यांच्या ताब्यात गेला. तरी नाका टिकला, कारण तोपर्यंत तो तहांच्या कागदांत शिरला होता. कोणत्या मालाला किती, कोणत्या राष्ट्राला किती, हे सह्यांनिशी ठरले होते. भांडण झाले तर दाखवायला कागद होता.

इथे एक गंमत. तरंगमबाडीचे नाव तुम्ही ऐकले असेल, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर. डेन्मार्कची मोहीम १६१८ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनहून निघाली आणि दोन वर्षांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तिने तिथे जागा मिळवली. डान्सबर्ग किल्ला अजून उभा आहे. पुढे व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले, आणि डेन्मार्कवाले भोसल्यांचे कूळ झाले. दरसालचा खंड आता मराठी दरबारात जाऊ लागला. हेल्सिंगोरला साऱ्या युरोपकडून पट्टी घेणारा राजा तंजावरला आपल्या माणसांना पट्टी भरत होता! याच तरंगमबाडीच्या मिशनमधून आलेल्या श्वार्ट्झ पाद्र्याच्या हाताखाली सरफोजी राजे शिकले, आणि त्यांनी जपलेल्या सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आजही आहेत. तंजावरच्या मराठी घरांतले कुणी हे वाचत असतील तर त्यांना यात नवे काही नसेल.

नाक्याचा शेवट कसा झाला तेही पाहा. अमेरिकेने १८५५ मध्ये सांगितले की समुद्र कुणा एकाचा नाही, आम्ही यापुढे देणार नाही. मग मोठी राष्ट्रे कोपनहेगनला जमली आणि १४ मार्च १८५७ रोजी करार झाला. डेन्मार्कने जकात कायमची सोडायची आणि त्याबद्दल सगळ्यांनी मिळून सुमारे तीन कोटी पस्तीस लाख रिग्सडालर भरपाई द्यायची. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या ब्रिटनचा. तिकडे कायमच्या हक्काची किंमत मोजून तो विकत घेतला गेला. पंधरा दिवसांनी, २९ मार्चला, इकडे बराकपूरला मंगल पांडेंनी बंदूक उचलली. एकाच महिन्यात हक्क सोडवण्याच्या दोन रीती.

गावाचे मात्र हाल झाले. जहाजे न थांबता पुढे जाऊ लागली. वकील, दलाल, दुकानदार यांची कामे गेली. पुढे १८८२ मध्ये जहाजे बांधण्याचा कारखाना निघाला, त्याने शंभर वर्षे गावाला पोसले आणि १९८३ मध्ये तोही बंद पडला. आता कारखान्याच्या इमारतीत वाचनालय आणि नाट्यगृह आहे, आणि कोरड्या गोदीत जमिनीखाली जहाजांचे संग्रहालय. आम्ही दोन्ही पाहिले. संग्रहालय चांगले आहे, पण चढउतार फार. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी.

मला खरे पाहायचे होते ते त्या संध्याकाळी भाच्याच्या घरी दिसले. हेल्सिंगोरच्या जकातीच्या वह्या टिकल्या आहेत. सगळ्यांत जुनी १४९७ सालची, शेवटची १८५७ ची. मधल्या काही वर्षांच्या गेल्या, बाकीच्या कोपनहेगनच्या दफ्तरखान्यात आहेत. हॉलंडमधल्या अभ्यासकांनी त्या पानन् पान उतरवून काढल्या. सुमारे अठरा लाख फेऱ्यांची नोंद आहे. भाच्याने संगणकावर एक पान उघडले. तारीख, कप्तानाचे नाव, त्याचे गाव, कुठून आला, कुठे निघाला, काय माल, किती जकात. अक्षर तिरपे, शाई तपकिरी. आम्हा होमिओपॅथांना पहिल्या वर्षापासून शिकवतात की रुग्णाची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहा, आपले शहाणपण नंतर. तो कारकून तसेच करत होता: राय इतकी, मीठ इतके, हेरिंगची पिंपे इतकी. त्याला ठाऊकही नसेल की त्याच्या वहीतून चारशे वर्षांनी कुणी युरोपातल्या धान्याचा व्यापार मोजील, कुठल्या साली कुठून किती गहू निघाला ते सांगेल.

आंग्र्यांबद्दल मराठीत 'आंग्रे शकावली' आहे, पत्रे आहेत. पण त्यांच्या दस्तकांची गोष्ट आपण वाचतो ती बहुतेक इंग्रजांच्या आणि पोर्तुगीजांच्या कागदांतून, म्हणजे ज्यांची जहाजे धरली गेली त्यांच्या तोंडून. तक्रारदाराची वही राहिली, नाकेदाराची नाही. अशा वेळी नाकेदार चोरच ठरायचा.

हे मी मोठ्या तोंडाने भाच्याला सांगत होतो आणि सांगता सांगता गप्प झालो.

माझे आजोबा निपाणीकडून तंबाखू आणि भुसार घेऊन घाटाखाली पाठवत. त्या काळी आमच्या मुलखात दहा कोसांत चार राज्ये लागत: इंग्रजांचा जिल्हा, कोल्हापूर, सांगली, कुरुंदवाड, पुढे सावंतवाडी आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. प्रत्येकाचा नाका वेगळा, दर वेगळा. आजोबांची रोजकीर्द आणि खतावणी, लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्या, सगळी मोडीत. कोणत्या नाक्यावर गाडीमागे काय दिले, कुणाच्या हातात दिले, पावती मिळाली की नाही, सारे त्यांत होते. वडील त्या वह्या दिवाळीला काढून झटकून पुन्हा माळ्यावर ठेवत. मी पदवी घेऊन दवाखाना उघडला तेव्हा औषधांच्या कपाटांना जागा हवी होती. पावसाळ्यापूर्वीचे दिवस होते. मी रद्दीवाल्याला बोलावले. तीन पोती भरली. वडील ओट्यावर बसून पाहत होते, काही बोलले नाहीत. मला त्यांतले एक अक्षर वाचता येत नव्हते, आणि जे वाचता येत नाही ते निरुपयोगी, असे त्या वयात वाटे. रद्दीचे जे पैसे आले त्यातून मी दवाखान्याची पाटी रंगवून घेतली.

डेन्मार्कचा कारकून आणि माझे आजोबा एकच काम करत होते, खाडीच्या दोन बाजूंना बसून. एक घेतलेले लिहीत होता, एक दिलेले.

परत आल्यावर घरातले जुने सामान काढले. एक वही सापडली. आईने ती पापडांच्या डब्याखाली ठेवली होती, डबा डुगडुगू नये म्हणून. वर तेलाचे डाग, कोपरा उंदरांनी खाल्लेला, पण निम्मी पाने शाबूत आहेत. मी पासष्टीत मोडी शिकायला बसलो. शहरातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे आठवड्यातून दोन दिवस जातो. आता आकडे वाचता येतात, महिने वाचता येतात, 'जकात' हा शब्द दिसला की ओळखतो. आंबोलीच्या नाक्यावर दोन गाड्यांची जकात भरल्याची नोंद लागली, त्याखाली रक्कम, आणि त्यापुढे आजोबांनी घाईत लिहिलेला एक शब्द आहे. शिक्षकांना तो 'नजर' वाटतो, मला 'नंतर'. पहिला खरा असेल तर आजोबांनी नाकेदाराला वर काहीतरी दिले. दुसरा खरा असेल तर ते उधारीवर सुटले. त्या पानाची नक्कल मी या पुस्तकाच्या संपादकांकडे ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांना मोडीचा सराव असेल तर एकदा पाहून सांगा.